बेळगावहून डिगलीपूर: परतीच्या दिवसापासून उलट मोजत

पहिल्या खेपेला आमचं परतीचं विमान चुकलं ते अंदमानातल्या रंगतजवळ बसचं टायर फुटल्यामुळे. तिथून विमानतळ दीडशे किलोमीटरच्या वर, आणि विमान दुसऱ्या दिवशी सकाळचं. हातात अख्खी रात्र आहे, घाबरायचं काय, असं बेळगावचा कुणीही माणूस म्हणेल. गोव्याचं विमान गाठायला आपण रात्री दोनलाही चोर्ला घाट उतरतो की. पण अंदमानचा तो रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून जातो. तिथं गाड्या ठरलेल्या वेळी ताफ्यानंच सोडतात आणि शेवटचा ताफा दुपारीच निघून जातो. आम्ही पोचलो तेव्हा फाटक बंद. रात्र बाराटांगच्या एका लॉजच्या व्हरांड्यात डास मारत काढली. सकाळी डोक्यावरून एक विमान गेलं. "आपलंच गा हे," मामेभाऊ म्हणाला. तीन तिकिटं पाण्यात.

त्यानंतर दोनदा गेलो. दोन्ही वेळा कागदावर पहिली ओळ लिहिली ती परतीच्या तारखेची, आणि तिथून मागे मोजत आलो. खाली जे सांगतोय त्याचा कणा तोच आहे.

डिगलीपूरच का

हॅवलॉक आणि नील, म्हणजे आताचं स्वराज द्वीप आणि शहीद द्वीप, सगळेच करतात. त्यात वावगं काही नाही. पाच दिवसांची रजा आणि सोबत लहान मुलं असतील तर खुशाल तिकडंच जा. पण पावसाळ्यात जांबोटीच्या रानात भिजायला जाणारी, रविवारी घरात न बसणारी माणसं असतात ना, त्यांनी उत्तर अंदमान गाठावं. डिगलीपूर हे तिथलं मोठं गाव, राजधानीपासून रस्त्याने सव्वातीनशे किलोमीटरच्या आसपास. जवळच ७३२ मीटर उंचीचं सॅडल पीक, अंदमानातलं सगळ्यात उंच शिखर. काळीपूरच्या किनाऱ्यावर कासवं अंडी घालायला येतात. एरियल बेच्या धक्क्यावरून बोटीने रॉस आणि स्मिथ ही जुळी बेटं. हॉटेलं मोजकी, संध्याकाळी करण्यासारखं काही नाही. मला तेच आवडतं. बायकोला दुसऱ्या संध्याकाळपासून आवडायला लागलं.

एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, कारण यात फसलेले लोक मला भेटलेत. रॉस नावाची बेटं दोन आहेत. एक राजधानीच्या समोर, इंग्रजांच्या पडक्या इमारतींचं, ज्याचं नाव २०१८ साली नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप झालं. दुसरं हे डिगलीपूरचं. 'रॉस आयलंड दाखवतो' असं कुणी म्हणालं तर कुठलं ते विचारून घ्या. आणि तिकिटांवर, पाट्यांवर 'श्री विजयपुरम' दिसलं तर गोंधळू नका. पोर्ट ब्लेअरचंच ते २०२४ पासूनचं नाव. बोलताना तिथलेही बरेच जण जुनंच म्हणतात, मीही तेच लिहितोय.

रजेचा हिशेब

माझ्या हिशेबाने अकरा दिवस लागतात. गुरुवारी निघून पुढच्याच्या पुढच्या रविवारी सकाळी घरी. कामाचे दिवस सात जातात.

उलट मोजू. रविवारी सकाळी रेल्वेनं बेळगाव. त्याच्या आदल्या दिवशी, शनिवारी, पोर्ट ब्लेअरहून बेंगळुरूचं विमान आणि रात्रीची राणी चन्नम्मा एक्सप्रेस. त्याच्या आदला शुक्रवार पोर्ट ब्लेअरमध्ये पूर्ण रिकामा. या दिवसाला हात लावायचा नाही. त्यात काही 'बसवून' टाकायचा मोह सगळ्यांना होतो. त्याच्या मागे गुरुवारी डिगलीपूर ते पोर्ट ब्लेअर प्रवास. बुधवार डिगलीपुरातला राखीव. मंगळवार सॅडल पीक, सोमवार रॉस-स्मिथ, रविवार काळीपूरला अंग सैल करायला, शनिवार जाताना रस्त्यात, शुक्रवार विमानाचा, आणि पहिला गुरुवार बेळगाव ते बेंगळुरू.

दोन रिकामे दिवस बघून आमचे एक काका म्हणाले, "पैसे देऊन नुसतं बसायचं होय?" होय. बुधवारचा दिवस वाऱ्यासाठी आहे. सोमवारी बोटी सुटल्या नाहीत तर रॉस-स्मिथ बुधवारी होतं. शुक्रवार रस्त्यासाठी आहे. टायर फुटलं, झाड पडलं, ताफा चुकला, तरी विमान मिळतं. डिसेंबर २०१६ मध्ये वादळामुळं हॅवलॉक-नीलवर हजारांहून जास्त पर्यटक अडकले होते, त्यांना काढायला नौदलाची जहाजं पाठवावी लागली. तशी वेळ आली तर एका दिवसानं भागत नाही, हे मान्य. पण बहुतेक अडचणी एका दिवसाच्याच असतात.

कधी जायचं

मेपासून सप्टेंबरपर्यंत विसरा. आपल्याकडे आणि तिकडे नैर्ऋत्य मोसमी एकच, फक्त तिकडे तो लवकर पोचतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात ईशान्येचा पाऊस आणि वादळांची भीती. राहिले डिसेंबर ते एप्रिल.

यातही निवड करावी लागते. कासवं अंडी घालताना बघायची असतील तर डिसेंबर ते फेब्रुवारी. पण डिगलीपूरचा किनारा पूर्वेकडे तोंड करून आहे, आणि थंडीत ईशान्येचा वारा सरळ त्याच्या तोंडावर येतो, त्यामुळे पाणी ढवळलेलं. निवांत, तळ दिसेल असं पाणी फेब्रुवारीच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत.

इथं आपल्या सीमाभागाला एक फायदा आहे जो कोल्हापूर-पुण्याच्या लोकांना नाही. कर्नाटकातल्या शाळांना उन्हाळी सुट्टी एप्रिलच्या दहा-अकरा तारखेच्या आसपास लागते. महाराष्ट्रातली पोरं शाळेतच असतात तेव्हा आपण निघू शकतो. चिकोडी-निपाणीकडच्या ऊसवाल्यांनाही तोड संपल्यावर हीच वेळ सोयीची. उकाडा असतो, पण पाणी काचेसारखं असतं.

सराव घराजवळच

आपल्याकडचे बरेच जण विहिरीत शिकलेले, पाठीला डबा बांधून. पोहता येतं, पण समुद्र ही निराळी गोष्ट. खाऱ्या पाण्यात अंग जास्त तरंगतं, हे सोपं. तोंडात नळी धरून श्वास घेत खाली बघत राहणं, हे अवघड. छातीत धडधडतं आणि माणूस उभा राहायला जातो. पायाखाली प्रवाळ असतं. मग पायाला जखम आणि प्रवाळाचा तुकडा पडलेला, दोघांचंही नुकसान.

म्हणून मास्क आणि नळी एकदा तरी घरच्या पाण्यात वापरा. मास्क बसतो का ते असं बघायचं: पट्टा न लावता चेहऱ्यावर ठेवा, नाकानं हलका श्वास आत ओढा, हात सोडा. मास्क चिकटून राहिला तर मापाचा. खाली पडला तर कितीही पट्टा आवळा, पाणी येणारच. मिशीवाल्यांचा मास्क नाकाखालून गळतो. आमच्या मित्रमंडळात या वाक्यावर बराच वाद झाला. शेवटी एकानं ओठावरची वरची ओळ तेवढी कातरली, बाकी झुपका तसाच ठेवला, आणि भागलं. मास्कमध्ये पाणी शिरलं तर घाबरून काढायचा नाही. वरची कड कपाळाला दाबून धरायची, मान थोडी वर करायची आणि नाकानं जोरात फुंकायचं. पाणी खालून निघून जातं. हे विहिरीत दहा वेळा करा.

मग एक शनिवार-रविवार मालवण-तारकर्ली, किंवा मुरुडेश्वरहून नेत्राणी. नेत्राणी म्हणजे किनाऱ्यापासून एकोणीस-वीस किलोमीटर आतलं खडकाळ बेट. बेटावर उतरवत नाहीत, भोवतीच्या पाण्यात स्कूबा आणि स्नॉर्केलिंग चालतं. तिथं खरी परीक्षा बोटीची होते. बोट लागते की नाही, हे घरापासून सहा-सात तासांवर कळलेलं बरं. लागत असेल तर डॉक्टरांना विचारून गोळी ठरवा, आणि ती बोटीत बसल्यावर नको, आधी घ्यायची असते.

चढायचा सराव म्हणाल तर राजहंसगड पाठीवर पिशवी घेऊन दोन-तीनदा केला तरी पायांना आठवण राहते. पण तो सुरुवातीला. शेवटच्या महिन्यात पारगड-कलानंदीगडाच्या बाजूची एखादी पूर्ण दिवसाची चाल करा, दमट हवेत, भर दुपारी. सॅडल पीक चढाला फार कठीण नाही. तिथं घाम माणसाला हरवतो.

तिकिटं कुठल्या क्रमानं

आधी विमान, मग डिगलीपूरचं राहणं, मग बस. विमानासाठी बेंगळुरू किंवा चेन्नई. मी बेंगळुरू धरतो. पोर्ट ब्लेअरची बहुतेक विमानं सकाळची किंवा दुपारपर्यंतची असतात. राणी चन्नम्मानं पहाटे उतरून त्याच सकाळचं विमान पकडायचा खेळ लोक करतात. रेल्वे दोन तास लेट झाली की खेळ संपला. स्टेशन ते विमानतळ पस्तीस किलोमीटरच्या आसपास, आणि बेंगळुरूचं ट्रॅफिक तुम्हाला माहीत आहे. त्यामुळे आदल्या दिवशीच पोचा. बेळगावहून आता वंदे भारत आहे, ऑगस्ट २०२५ पासून. पहाटे सुटते आणि दुपारी दोनच्या सुमाराला बेंगळुरूला टाकते. बेळगावच्या सांबरा विमानतळावरून जाणाऱ्यांनी दोन्ही तिकिटं एकाच बुकिंगवर मिळतात का बघावं. वेगवेगळी काढली तर पहिलं विमान लेट झाल्याचा भुर्दंड तुमच्यावर.

कोलकाता, चेन्नई, विशाखापट्टणमहून जहाजंही जातात. समुद्रात तीन-चार दिवस जातात. निवृत्त माणसांनी आयुष्यात एकदा करावं. सात दिवसांच्या रजेत ते बसत नाही.

पोर्ट ब्लेअर ते डिगलीपूर सरकारी आणि खासगी बस असतात, भल्या पहाटे सुटतात, बारा तासांचा प्रवास. सरकारी जहाजही आहे, रात्रभराचं. पण त्याची वेळापत्रकं वाऱ्यावर, म्हणून जाताना जहाज मिळालं तर घ्या, येताना त्यावर भिस्त नको. चार-पाच जण असाल तर गाडी करा. चालक मात्र ताफ्याचे कागद करून देणाराच बघा. भारतीय नागरिकाला डिगलीपूरला वेगळा परवाना लागत नाही. आधार कार्ड आणि त्याच्या चार झेरॉक्स प्रती जवळ ठेवा. झेरॉक्स काढायचं दुकान पहाटे चारला उघडं नसतं, हे मला ताफ्याच्या फाटकावर, जिरकाटांगला कळलं.

राहायचं डिगलीपूर गावात नको, काळीपूरला घ्या. किनारा, सॅडल पीकची वाट आणि कासवं सगळं तिथून जवळ. गावात फक्त बाजार आहे.

बॅगेत काय

अंगभर बाह्यांचे पातळ, लवकर वाळणारे कपडे. सुती नको. दमट हवेत सुती दोन दिवस वाळत नाही आणि वास मारतो. पाण्यातही पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट घाला. पाठ भाजत नाही आणि मलमं फासावी लागत नाहीत, जी शेवटी प्रवाळावरच जातात. रबरी तळव्याचे जुने बूट, भिजले तरी चालतील असे. टॉर्च, त्यावर लावायला लाल जिलेटिनचा कागद. ओआरएसची पाकिटं, नेहमीची औषधं दीडपट. मच्छरदाणी नेलीत तर हसतील, पण मलेरिया तिथं आहे.

आणि खोबरेल तेल. अंदमानच्या वाळूत बारीक माश्या असतात, डोळ्याला धड दिसत नाहीत. चावतात तेव्हा कळत नाही, दुसऱ्या दिवशी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत लाल चट्टे आणि खाज, ती आठवडाभर. सकाळ-संध्याकाळ किनाऱ्यावर बसण्याआधी पायांना तेलाचा जाड हात मारा. माश्या तेलात अडकतात, चावू शकत नाहीत. वाळूवर नुसतं पसरायचं नाही, खाली चटई घ्या.

रोख रक्कम पोर्ट ब्लेअरलाच काढून घ्या. २०२० साली चेन्नईहून समुद्राखालून केबल टाकल्यापासून राजधानीत इंटरनेट सुधारलं, पण उत्तरेला बोटवाल्यासमोर उभं राहून फोनवरचं गोल चक्र बघत बसायची वेळ येतेच.

खायला गोकाकचा करदंट न्या. डिंक, खोबरं, सुकामेवा, गूळ. चढावर यापेक्षा चांगलं काही मला सापडलेलं नाही, आणि उन्हात चॉकलेटसारखा वितळत नाही. कुंदाही नेला होता, तो लॉजच्या मालकाला दिला. त्यानं बदल्यात दुसऱ्या दिवशी नाश्त्याला नारळ घातलेली पुरणाची काहीतरी बंगाली भानगड खाऊ घातली.

पहिला दिवस: घड्याळ विसरा

बेळगाव साडेचौऱ्याहत्तर अंश रेखांशावर, पोर्ट ब्लेअर ब्याण्णव-त्र्याण्णवच्या मध्ये. फरक अठरा अंशांचा, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सूर्य तिथं आपल्यापेक्षा सव्वा तास पुढे. घड्याळ मात्र तेच. थंडीत पाच-सव्वापाचला सूर्य मावळतो, एप्रिलमध्ये सकाळी पाचला उजाडतं. तेव्हा पहिल्याच दिवशी सात-आठला झोपायची सवय लावा आणि चारला उठा. बेळगावच्या घड्याळानं जगणारा माणूस तिथला अर्धा दिवस अंथरुणात घालवतो.

दुपारी सेल्युलर जेल बघून घ्या. १९०६ साली पूर्ण झालेली ही इमारत, आणि सावरकर इथं १९११ पासून दहा वर्षं होते हे आपण शाळेपासून ऐकलेलं. पुढे १९५० मध्ये त्यांना स्थानबद्ध करून ठेवलं ते आपल्या बेळगावच्या हिंडलगा तुरुंगात. तिथं खोलीसमोर उभं राहिल्यावर मला आधी हिंडलग्याचा रस्ता आठवला.

ताफ्याचा रस्ता

पहिला ताफा जिरकाटांगहून सकाळी सहाला सुटतो. त्यासाठी पोर्ट ब्लेअर साडेतीन-चारला सोडायचं. पोचाल तेव्हा अंधारात गाड्यांची रांग लागलेली, टपऱ्यांवर चहा, इडली-वडे. अर्ज भरायचा, ओळखपत्र दाखवायचं. मग सहाला फाटक उघडतं आणि पन्नासेक किलोमीटर एकामागे एक गाड्या जातात. थांबायचं नाही, एकमेकांना मागे टाकायचं नाही.

या पट्ट्यात जारवा राहतात. खिडकीतून दिसले तर दिसले. फोटो नाही, हात करणं नाही, बिस्कीट फेकणं तर मुळीच नाही. १९५६ च्या कायद्यानं हा गुन्हा आहे, आणि पकडल्यावर मोबाइल जातो, खटलाही होतो. पण कायदा बाजूला ठेवा. आपल्या अंगणातून रोज शेकडो गाड्या जाव्यात आणि प्रत्येकीतून कुणीतरी डोकावून बघावं, हे आपल्याला चाललं असतं का? मी तेवढा वेळ फोन पिशवीत ठेवतो.

पुढे मिडल स्ट्रेटला बससकट जंगारीत, म्हणजे गाड्या वाहणाऱ्या बोटीत, चढायचं. कोकणात दाभोळ-धोपावेची जंगार बघितलेल्यांना नवल नाही. दोन्ही बाजूला खारफुटी, आणि पाण्यात हात घालू नका, मगरी असतात. बाराटांगला चुनखडीच्या गुहा आणि चिखलाचा ज्वालामुखी आहे. वेळ असेल तर बघा, पण डिगलीपूरच्या दिवशी तिथं उतरलात तर पुढे काळोख होतो. रंगत, मायाबंदर, मग डिगलीपूर.

वाटेतली गावं बघत जा. रामनगर, सीतानगर, कालीघाट. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांना इथं वसवलं गेलं. घरं, तळी, भाताची खाचरं, सगळं बंगालचं. बाजारात बंगाली चालते, तमिळ चालते, तेलुगू चालते, आणि परक्याशी सगळे हिंदी बोलतात. पाटी कुठल्या भाषेत असावी यावर अर्धी हयात घालवलेल्या आपल्यासारख्यांना ते बघायला जरा विचित्र वाटतं.

रॉस-स्मिथ: ओहोटी विचारून जा

एरियल बेच्या धक्क्यावर नोंदणी करून, वनखात्याची परवानगी घेऊन बोट मिळते. अर्ध्या तासाच्या आत पोचवते. बोट पूर्ण भाड्यानं घ्यावी लागते, म्हणून धक्क्यावर आणखी दोघं-चौघं जमवा. जीवरक्षक जाकीट घालूनच बसा, फाटलेलं दिलं तर बदलून मागा.

दोन बेटांना वाळूची एक पांढरी पट्टी जोडते. ती ओहोटीला उघडी पडते, भरतीला बुडते. पूर्ण भरतीला गेलेले लोक 'फोटोतल्यासारखं नव्हतं' म्हणत परत येतात. आदल्या दिवशी बोटवाल्याला ओहोटीची वेळ विचारा आणि त्याच्या तासभर आधी बेटावर असा. कोकणाशी नातं असलेल्यांना तिथीच्या पाऊणपटीवरून भरतीची वेळ काढायचा हिशेब माहीत असतो. तो इथं जसाच्या तसा लावू नका, भरतीची वेळ किनाऱ्यागणिक बदलते. एक गोष्ट मात्र सगळीकडे सारखी: आजची वेळ कळली की उद्याची साधारण पन्नास मिनिटं उशिरा. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास ओहोटी खोल जाते, पट्टी रुंद दिसते.

पट्टीच्या कडेला गुडघाभर पाण्यात उभं राहिलात तर मासे पायाशी येतात. मास्क लावून पालथे पडा आणि हात-पाय न हलवता तरंगा. पहिली पाच मिनिटं काहीच दिसत नाही. मग वाळूचा एक तुकडा हलतो, तो मासा असतो. पंख्यासारखे पंख उघडमीट करणारा एखादा मासा प्रवाळाच्या सांदीत उलटा टांगलेला दिसतो. तो लायनफिश, त्याचे काटे विषारी. सुंदर दिसतं त्याला हात लावायचा नाही, एवढा एक नियम पाण्याखाली पुरतो.

परतायची वेळ बोटवाला सांगेल तीच. दुपारनंतर वारा उठतो.

सॅडल पीक

लामिया बेजवळच्या वनखात्याच्या चौकीवर नोंद करून, वाटाड्या घेऊन निघायचं. एका बाजूनं आठ किलोमीटर. सुरुवातीचा पट्टा समुद्राकाठच्या गोट्यांवरून, घोट्याची परीक्षा घेणारा. मग वाट जंगलात शिरते आणि हवा थांबते.

खानापूरच्या रानात चालताना आपला एक कान गव्याकडे, एक अस्वलाकडे असतो. इथं गवा नाही, अस्वल नाही, बिबट्या नाही, वाघ नाही. पहिल्या तासाला ही शांतता अंगावर येते. पण नजर खाली ठेवा. अंदमानचा स्वतःचा नाग आहे, मण्यार आहे, आणि वीतभर लांबीची गोम आहे जिचा दंश माणसाला रात्रभर जागवतो. ओंडक्यावर बसण्याआधी काठी आपटा. पाऊस झालेला असेल तर जळवा, त्या आपल्याला नव्या नाहीत. मीठ-तंबाखूची पुरचुंडी निपाणीच्या माणसाला सांगायला नको.

पडौकची प्रचंड खोडं, मुळं भिंतीसारखी उभी. वर काळा अंदमानी सुतार ठोकत असतो, आवाज येतो पण पक्षी दिसायला मान मोडते. पाणी माणशी चार लिटर न्या, वाटेतल्या झऱ्यावर भिस्त नको. मी पहिल्यांदा अडीच लिटर नेलं होतं आणि शिखराच्या खालीच मागे फिरलो. त्याचं दुःख नाही. दुपारी बारापर्यंत जिथं पोचाल तिथून वळायचं, कारण पाचला काळोख आणि गोट्यांचा किनारा भरतीत निम्मा पाण्याखाली. दुसऱ्या खेपेला माथ्यावर पोचलो तेव्हा वर ढग बसलेले. उतरताना एका उघड्या कड्यावरून समुद्र दिसला, दहा मिनिटं. करदंट तिथं संपवला.

कासवांची रात्र

काळीपूरला ऑलिव्ह रिडले, हिरवं समुद्री कासव, हॉक्सबिल आणि लेदरबॅक अशा चार जाती अंडी घालायला येतात. वनखात्याची उबवणी केंद्रं आहेत. रात्री एकट्यानं फिरू नका, वनरक्षकांना विचारून त्यांच्यासोबत जा. पांढरा उजेड बंद. टॉर्चवर लाल कागद, तोही गरजेपुरता. मादी वाळूतून वर येताना उजेड-आवाज झाला तर अंडी न घालताच परत फिरते. ती खड्डा खणून अंडी घालायला लागली की मग फारशी बुजत नाही, तोवर मागे, लांब बसून राहायचं. मागचे वल्ह्यासारखे पाय आळीपाळीनं वाळू काढतात, ओंजळीनं काढावी तशी, एक कण खड्ड्यात परत न सांडता. आमच्या मुलीनं अर्धा तास तोंडातून शब्द काढला नाही, ही त्या रात्रीची दुसरी अपूर्वाई.

मगर

कृष्णाकाठच्या अथणी-रायबागकडच्या लोकांना मगर माहीत आहे. ती गोड्या पाण्यातली. अंदमानची खाऱ्या पाण्यातली मगर आकारानं आणि स्वभावानं तिची थोरली बहीण. खाडीत राहते, समुद्रातूनही पोहत जाते. २०१० साली हॅवलॉकच्या राधानगर किनाऱ्याजवळ एका परदेशी पर्यटक तरुणीचा तिनं बळी घेतला. म्हणून खाडीच्या मुखाशी, खारफुटीजवळ आणि तिन्हीसांजेला पाण्यात उतरायचं नाही. पाटी असो नसो, स्थानिकांना विचारा. ते स्वतः जिथं पोहत नाहीत तिथं तुम्हीही नाही.

परत

बुधवार शिल्लक राहिला असेल तर रामनगरचा किनारा करा, नाहीतर झोपा. गुरुवारी पहाटेची बस, आणि चालक-वाहकाला विचारून घ्या की कुठला ताफा गाठणार.

वाळूत सापडलेले शंख, प्रवाळाचे तुकडे बॅगेत नकोत, मेलेले असले तरी. बरेच प्रकार १९७२ च्या वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत आणि विमानतळावर क्ष-किरणात बॅग उघडायला लावतात. दुकानातून परवानगीचे शंख घेतले तर पावती हाताशी ठेवा. मुलांना हे पहिल्याच दिवशी सांगा, शेवटच्या दिवशी रडारड होते.

आणि मग तो रिकामा शुक्रवार. बस वेळेवर आली असेल तर तो पूर्ण तुमचा. आम्ही सकाळी कपडे धुऊन गच्चीवर टाकले, बुटातली वाळू झाडली. दुपारी चिडिया टापूला गेलो, सूर्य समुद्रात बुडेपर्यंत बसलो, खाली चटई, पायांना खोबरेल. सातला जेवून झोपलो. रात्री जोराचा वारा सुटला होता म्हणे. आम्हाला सकाळी कळलं, विमानतळाच्या रांगेत, हॅवलॉकहून आदल्या रात्री पोचू न शकलेल्यांचे फोन मागेपुढे चालू होते तेव्हा.